अठ्ठावीस खुर्च्या, दोन शेकोट्या: गॉडमरशॅमच्या घरातलं वाचन

इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर जेन ऑस्टिनचा चेहरा आहे. ही नोट २०१७ मध्ये आली. चेहऱ्यामागे एक ऐसपैस घर दिसतं आणि खाली तिच्या कादंबरीतलं एक वाक्य छापलंय. वाचनासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही, असा त्याचा अर्थ. वाक्य गोड आहे, पण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचलेल्या माणसाला ते खटकतं. कादंबरीत ते मिस बिंग्लीच्या तोंडी आहे आणि तिला वाचनाशी काही देणंघेणं नाही. मनात भरलेला श्रीमंत तरुण एक पुस्तक वाचत बसलाय, म्हणून ती त्याच पुस्तकाचा दुसरा खंड हातात घेऊन बसते. मग जांभई देते, हे वाक्य म्हणते आणि पुस्तक बाजूला टाकते.

नोटेवरचं घर मात्र खरं आहे. ते केंट परगण्यातलं गॉडमरशॅम पार्क, जेनच्या भावाचं. इंग्लंडच्या वरच्या वर्गातली माणसं रोजच्या आयुष्यात काय वाचत, कधी वाचत, कशी वाचत, हे समजून घ्यायला मी हे एकच घर निवडलंय, आणि त्यातही मुख्यतः १८१३ चा शरद ऋतू. त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जेन तिथे राहायला होती. जवळजवळ दोन महिने. तिथून तिने थोरल्या बहिणीला, कॅसँड्राला, लिहिलेली पत्रं उरली आहेत. पाच वर्षांनी झालेली त्या घराच्या पुस्तकांची हस्तलिखित यादी उरली आहे. घरातल्या एका मुलीने म्हातारपणी सांगितलेली आठवण आहे, आणि जेनने स्वतः टिपून ठेवलेले वाचकांचे अभिप्राय आहेत. एकाच खोलीतल्या वाचनाबद्दल इतकं साहित्य क्वचितच मिळतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा घरांतलं वाचन आपण बहुतेक वेळा कपाटांवरून मोजतो. किती हजार ग्रंथ, कोणती बांधणी, कोणत्या दुर्मीळ आवृत्त्या. त्यातून कळते ती घराण्याची ऐपत. वाचन कळायचं असेल तर शेकोटी कुठे पेटली होती, मेणबत्ती कुणाजवळ होती, कुणाचे हात शिवणात होते आणि कोण मोठ्याने वाचत होतं, हे बघावं लागतं.

घर आणि दत्तक गेलेला भाऊ

जेनचे वडील हॅम्पशायरमधल्या स्टीव्हनटन गावचे पाद्री. आठ मुलं आणि बेताची मिळकत. त्यातला एडवर्ड १७६७ सालचा. नात्यातल्या टॉमस नाइट या जमीनदाराला मूलबाळ नव्हतं, त्याने एडवर्डला दत्तक घेतलं. दत्तकाने घराणं पुढे चालवणं आपल्याला नवं नाही. इंग्लंडच्या जमीनदार घरांतही वारस नसला की हाच मार्ग निघे आणि मिळकतीसोबत आडनावही घ्यावं लागे. १८१२ मध्ये दत्तक आई वारली आणि एडवर्ड ऑस्टिन एडवर्ड नाइट झाला. केंटमधलं गॉडमरशॅम आणि हॅम्पशायरमधलं चॉटन अशा दोन जमीनदाऱ्या त्याच्याकडे होत्या. पदवी नव्हती, तो सरदारही नव्हता. पण जमिनीच्या खंडावर जगणारी आणि स्वतः कामधंदा न करणारी अशी घराणीच तिथल्या वरच्या वर्गाचा मोठा भाग होती.

एडवर्डची बायको एलिझाबेथ १८०८ च्या ऑक्टोबरात, अकराव्या बाळंतपणानंतर लगेच गेली. थोरली मुलगी फॅनी तेव्हा पंधरा वर्षांची, आणि तिच्यावर एवढ्या मोठ्या घराचा कारभार आला. जेन ही या मुलांची आत्या. १८०९ पासून ती, आई आणि कॅसँड्रा चॉटनला, एडवर्डनेच दिलेल्या घरात राहत होत्या. म्हणजे १८१३ मध्ये गॉडमरशॅमच्या दाराशी घोडागाडीतून उतरलेली सदतीस वर्षांची ही बाई मालकाची सख्खी बहीण होती, आणि तिच्या डोक्यावरचं छप्परही त्याचंच होतं. त्याच वर्षीच्या जुलैत तिने दुसऱ्या एका भावाला अभिमानाने कळवलं होतं, की पहिल्या कादंबरीने तिला १४० पौंड मिळवून दिले. लिहून मिळवलेली एकूण रक्कम आता २५० पौंडांवर गेली होती, हेही तिने त्याच पत्रात लिहिलं.

एक सावधगिरी बाळगायला हवी. दोघी बहिणी एका घरात असल्या की पत्रं नसत. त्यामुळे आपल्या हाती येतात ते ताटातुटीच्या दिवसांतले तपशील. एरवीच्या, न सांगितलेल्या संध्याकाळी हातून निसटतातच.

१७९८ ची संध्याकाळ

१८१३ कडे जाण्याआधी पंधरा वर्षं मागे जातो, कारण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद तेव्हाचा आहे. १८ डिसेंबर १७९८. कॅसँड्रा गॉडमरशॅमला, जेन स्टीव्हनटनला. जेन लिहिते की आम्ही हल्ली साडेतीनलाच जेवतो, तुम्ही जेवायला बसायच्या आत आमचं उरकलेलं असतं, साडेसहाला चहा होतो. तू आता आम्हाला तुच्छ समजशील. जेवणाची वेळ जितकी उशिरा तितकं घर वरचं, असा तेव्हाचा हिशोब होता. ज्यांना दिवसाउजेडी काम उरकायचं असे ते लवकर जेवत. ज्यांना मेणबत्त्यांची काळजी नव्हती ते अंधार पडल्यावर.

पुढे ती सांगते की वडील आम्हाला काउपरच्या कविता वाचून दाखवतात, जमेल तेव्हा मी ऐकते. मग विचारते, तुमच्या संध्याकाळी कशा जातात? आणि उत्तरही स्वतःच देते: एलिझाबेथ शिवत असेल, तू तिला वाचून दाखवत असशील आणि एडवर्ड झोपत असेल.

या एका ओळीत एका वर्गाची आख्खी संध्याकाळ आहे. घरची मालकीण शिवते. नोकरचाकर असले तरी बाईचे हात रिकामे दिसू नयेत, हा रिवाज. वाचते ती पाहुणी, म्हणजे नवऱ्याची बिनलग्नाची बहीण. अशा घरात येऊन राहणाऱ्या नणंदेने, मावशीने किंवा गव्हर्नेसने वाचून दाखवणं हे जवळजवळ तिचं कामच असे. पाहुणचाराची फेड आवाजाने करायची. आणि दिवसभर घोड्यावरून जमीन बघून आलेला घरधनी उबेत डुलक्या घेतो. जेनने हा अंदाज केला होता, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं नव्हतं, हे खरं. पण बहिणीला तो लगेच पटेल याची तिला खात्री होती, आणि मला ते पुरेसं वाटतं.

त्याच पत्रात गावात सुरू होणाऱ्या एका वर्गणीच्या वाचनालयाचा विषय आहे. वाचनालयाच्या बाईंनी कळवलं होतं, की त्यांच्याकडे केवळ कादंबऱ्या नाहीत, सगळ्या प्रकारची पुस्तकं असतील. आमच्या घरापुरता हा खुलासा करायची गरज नव्हती, असं जेन म्हणते. आम्ही सगळे कादंबऱ्या वाचणारे आणि त्याची लाज न वाटणारे आहोत. वाचनालयाला तो खुलासा करावासा वाटला, यातच तेव्हाची हवा कळते. कादंबरी वाचणं सर्रास चाले, पण चारचौघांत कबूल करायचं ते इतिहास, प्रवासवर्णन आणि प्रवचनांचं वाचन.

तीन गाई आणि पाचशे पुस्तकं

१८०१ मध्ये वडिलांनी पाद्रीपणाचं काम मोठ्या मुलाकडे सोपवलं आणि कुटुंब बाथला निघालं. घरातलं सामान विकायला काढलं. पाचशेहून जास्त पुस्तकं होती. गावाकडच्या पाद्र्याच्या मानाने हा संग्रह चांगलाच मोठा. जेनला वाटत होतं की थोरल्या भावाने ती खंडामागे अर्धा गिनी देऊन एकगठ्ठा घ्यावीत. तसं झालं असतं तर अडीचशे गिनींच्या वर पैसे आले असते. प्रत्यक्षात किंमत ठरवायला आलेल्या माणसाने सगळ्या पुस्तकांचे फक्त ७० पौंड सांगितले. जेन संतापली. त्याच विक्रीत घरच्या तीन गाई साडेएकसष्ट गिनींना गेल्या. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा गाईंचे झाले साधारण साडेचौसष्ट पौंड. तीन दुभती जनावरं आणि एका माणसाने जन्मभर जमवलेली पाचशेवर पुस्तकं, जवळपास एका भावात.

हा आकडा वाचला तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण नवं पुस्तक घ्यायला जा, तर ते महाग. १८१३ च्या जानेवारीत ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ तीन खंडांत निघाली, किंमत अठरा शिलिंग. शेतमजुराच्या आठवड्याभराच्या मजुरीपेक्षा जास्त. तीही साध्या पुठ्ठ्यात. घ्यायची, बांधणाऱ्याकडे पाठवायची, आपल्या घराण्याला शोभेल अशी चामड्याची पाठ चढवून घ्यायची, त्याचे पैसे वेगळे. पानंही पुष्कळदा जोडलेलीच येत, सुरीने कापत कापत वाचावी लागत. त्यामुळे न वाचलेलं पुस्तक बाहेरून ओळखता येई, पानं कापलेलीच नसत.

म्हणून वरच्या वर्गातही पुस्तकं मागून वाचण्याची पद्धत पक्की होती. चॉटनला शेजाऱ्यांनी मिळून पुस्तक मंडळ चालवलं होतं. वर्गणीतून पुस्तकं यायची आणि घरोघर फिरायची. जानेवारी १८१३ मध्ये जेन त्या मंडळातून आलेलं पास्ली या लष्करी अभियंत्याचं पुस्तक वाचत होती. विषय ब्रिटिश साम्राज्याचं लष्करी धोरण. आधी या पुस्तकाला तिचा विरोध होता, मग वाचायला घेतल्यावर ती लेखकाच्या प्रेमातच पडली, असं ती लिहिते. बायकांनी कादंबऱ्या आणि पुरुषांनी गंभीर ग्रंथ अशी जी वाटणी आपण गृहीत धरतो, ती या एका उदाहरणापाशीच मोडते. आणि हेच मंडळ शेजारच्या गावांच्या मंडळापेक्षा कसं सरस आहे, याचा तिला केवढा अभिमान!

पुढच्या वर्षी तिने फॅनीला लिहिलं, की लोक विकत घेण्यापेक्षा मागून वाचायला आणि कौतुक करायला जास्त तयार असतात. कौतुक मलाही आवडतं, पण एडवर्ड ज्याला प्यूटर म्हणतो तेही आवडतं. प्यूटर हा कथलाचा मिश्रधातू, इथे अर्थ पैसे. जमीनदार भाचीला लेखिका आत्याने लिहिलेलं हे वाक्य आहे. फॅनीला अठरा शिलिंग जड नव्हते. तरी ही सवय त्या वर्गातच मुरलेली होती.

लायब्ररी म्हणजे बसायची खोली

आता १८१३. गॉडमरशॅमच्या लायब्ररीबद्दल जेनने लिहिलेल्या दोन-तीन ओळी सगळीकडे उद्धृत होतात. जेवणाच्या वेळा सोडल्या तर आम्ही लायब्ररीतच राहतो आणि रोज संध्याकाळी शेकोटी पेटवलेली असते, अशी एक. दुसरी २३ सप्टेंबरची: मी आता लायब्ररीत एकटी आहे, नजर पोचेल तिथवरची मालकीण. हा काउपरच्या कवितेतल्या ओळीचा धागा. वडिलांच्या तोंडून ऐकलेला कवी पंधरा वर्षांनी दुसऱ्याच घरात तिच्या लेखणीतून उतरला. आणि तिसरी मला सर्वांत आवडणारी. काही खायचं मनात नव्हतं, पण जॉनकॉकने, म्हणजे घरच्या बटलरने, ट्रे आणून ठेवला, आता खावं लागेल. एडवर्ड रानात गेलाय. या क्षणी पाच टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या आणि दोन शेकोट्या माझ्या एकटीच्या.

पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसून ती पुस्तकं मोजत नाही. टेबलं, खुर्च्या आणि शेकोट्या मोजते. चॉटनच्या घरात एवढी जागा नव्हती, एकांत तर नव्हताच. आणि अठ्ठावीस खुर्च्या आपल्याला त्या खोलीचं खरं रूप सांगतात. जुन्या काळात अशा घरांत लायब्ररी ही मालकाची खोली असे. तो तिथे हिशोब बघे, कारभाऱ्याला भेटे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचं रूप बदललं. घरातली सगळी माणसं, पाहुणे, मुलं तिथेच बसू लागली. दिवाणखाना औपचारिक झाला आणि लायब्ररी घरगुती. कुणी पत्र लिहितंय, कुणी शिवतंय, कुणी पत्ते खेळतंय आणि भिंतीवर पुस्तकं.

यात उबेचा वाटा मोठा होता. थंडीच्या संध्याकाळी एवढ्या मोठ्या घराच्या सगळ्या खोल्या कोण गरम करणार? जिथे आग तिथे माणसं. उजेडाचंही तसंच. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या महाग, त्यावर करही होता, आणि चरबीच्या मेणबत्त्या धुरकट. श्रीमंताघरीही टेबलाभोवती उजेडाचं एक कोंडाळं होई आणि त्यात जो पुस्तक धरून बसेल तो वाचणार, बाकीचे ऐकणार. मनात वाचणं होतंच, पण संध्याकाळचं वाचन बहुधा कानांचं होतं. आणि सकाळी ती शेकोटी कुणीतरी नोकर अंधारात उठून साफ करत होता, हे त्या आरामशीर चित्रात दिसत नाही, पण विसरू नये.

ऑक्टोबरच्या पत्रात जेन घरच्या बिलियर्ड टेबलाचे आभार मानते. पुरुष मंडळी घरात असली की, विशेषतः जेवणानंतर, तिकडे ओढली जातात आणि मग भाऊ, फॅनी आणि मी अशा आम्हा तिघांना लायब्ररीची निवांत शांतता मिळते. इथे थांबून बघण्यासारखं आहे. पंधरा वर्षांपूर्वी डुलक्या घेणारा एडवर्ड आता बिलियर्डकडे गेलेला नाही. लेक आणि बहिणीबरोबर लायब्ररीत आहे. तो वाचत होता की नुसता बसला होता, हे पत्र सांगत नाही.

मिल्टनचा एक खंड

त्याच महिन्यात एक पाहुणा आला. स्टीफन रंबोल्ड लशिंग्टन, कँटरबरीचा खासदार. हसतमुख, बोलण्यात तरबेज. जेनला तो आवडला आणि त्याचं कारण ती देते: काल रात्री त्याने मिल्टनचा एक खंड काढला आणि त्याबद्दल जिव्हाळ्याने बोलला. पण तो महत्त्वाकांक्षी आणि आतून बेगडी असणार, असंही ती पुढे म्हणून टाकते.

त्या वर्गात पुस्तक हे माणूस जोखायचं साधन होतं. पाहुणा फळीपाशी जातो, कोणता खंड काढतो, काय बोलतो, हे सगळे बघत असत, आणि पाहुण्यालाही ते माहीत असे. मिस बिंग्लीने नेमकं हेच करून बघितलं होतं, तिला जमलं नाही. लशिंग्टनला जमलं. त्याचं मिल्टनवरचं प्रेम खरं होतं की नाही हे मी ठरवू शकत नाही. जेनसारख्या बाईला तो रसिक वाटला, एवढं आपल्यासाठी पुष्कळ. हा माणूस तरुणपणी कंपनीच्या नोकरीत मद्रासला होता आणि पुढे १८२७ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

इथे महाराष्ट्राचा एक धागा जुळतो. गॉडमरशॅमला ही मंडळी शेकोटीजवळ बसलेली असताना पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत त्यांच्याहून वरच्या वर्गातला एक वाचक राहत होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, स्कॉटलंडच्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगा. ग्रीक, लॅटिन आणि फारसी ग्रंथ हे त्याचं रोजचं खाणं होतं आणि वाचलेल्याची नोंद तो रोजनिशीत करी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जाळली गेली आणि त्याची पुस्तकं, कागदपत्रं त्यात गेली. त्याच्यापाशी ना शेकोटीभोवतीचा परिवार होता ना वाचून दाखवणारी बहीण. त्याचं वाचन बरंचसं एकट्याचं, पहाटेचं, छावणीतलं. एकाच वर्गाची एकच सवय, पण माणसांचा वेढा निघाला की किती वेगळी होते, हे या दोन ठिकाणांवरून दिसतं.

१८१८ ची यादी

पाच वर्षांनी, १८१८ मध्ये, गॉडमरशॅमच्या पुस्तकांची यादी तयार झाली. हाताने लिहिलेली. साडेबाराशेच्या आसपास ग्रंथ त्यात आहेत आणि कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर, हेही नोंदलंय. फळीचा पत्ता असल्यामुळे एक विलक्षण काम शक्य झालं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात पीटर सेबर या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ती आख्खी लायब्ररी संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभी केली. भिंतीवर क्लिक करा, फळी दिसते. पुस्तकावर क्लिक करा, त्याची माहिती दिसते. गॉडमरशॅम १८७४ मध्ये विकलं गेलं, पुस्तकं चॉटनच्या मोठ्या वाड्यात आली आणि पुढच्या काळात त्यातली पुष्कळ विकली जाऊन जगभर पांगली. ती शोधणाऱ्यांनी स्वतःच्या गटाला हरवलेल्या मेंढरांचं नाव दिलंय. आतल्या पानावर नाइट घराण्याचा छापील शिक्का दिसला की एक मेंढरू सापडलं.

यादी मला फार मोलाची वाटते. तरीही ती काय सांगू शकत नाही, हे समजून वापरायला हवी. धर्म, कायदा, इतिहास, प्रवास, शेती, काव्य असं सगळं तिथे आहे, पण त्यातली बरीच पुस्तकं एडवर्डने घेतलेलीच नव्हती. ती दत्तक घराण्याकडून जमिनीबरोबर आली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी घेतलेला प्रवचनांचा संच फळीवर आहे, याचा अर्थ १८१३ मध्ये तो कुणी उघडला असा होत नाही. उलट पुस्तक मंडळातून आलेलं, शेजाऱ्याकडून मागून आणलेलं, पाहुणीने पेटीत घालून आणलेलं पुस्तक यादीत कधीच येणार नाही. आणि त्या घरात सगळ्यात आवडीने ऐकलेलं लेखन तर तेव्हा छापलेलंही नव्हतं.

सशाची जाळी

११ ऑक्टोबर १८१३ चं पत्र. एडवर्डची दोन मोठी मुलं, एडवर्ड आणि जॉर्ज, अनुक्रमे एकोणीस आणि सतरा-अठरा वर्षांची, घरी आली होती. आत्या त्यांच्यावर जरा नाराज होती. शिकारीचं वेड, चैनीच्या सवयी. आता कोल्ह्याच्या शिकारीला गेलेत, परत येऊन पुन्हा माझं डोकं फिरवतील, असं ती लिहिते. पण संध्याकाळी मात्र दोघं शेजारी शेजारी बसून सशाची जाळी विणतात, अगदी मन लावून, फ्रँककाका विणतील तशी. फ्रँक हा तिचा नौदलातला भाऊ, हाताने काही ना काही बनवत बसणारा.

आणि लगेच पुढे ती सांगते, की मी ‘सेल्फ-कंट्रोल’ पुन्हा चाळतेय. मेरी ब्रंटनची ही कादंबरी १८११ मध्ये निघाली होती आणि खूप गाजत होती. जेनचं मत: हेतू उत्तम, भाषा सुरेख, पण त्यात स्वाभाविक किंवा संभवनीय असं काही नाही. नायिका अमेरिकेतल्या नदीतून एकटी वाहत जाते तो प्रसंगच तिच्या आयुष्यातला त्यातल्या त्यात नैसर्गिक वाटावा, इतकं बाकीचं अशक्य आहे.

एका खोलीत दोन पोरं जाळी विणतायत आणि त्यांची आत्या एक लोकप्रिय कादंबरी दुसऱ्यांदा वाचून तिची उलटतपासणी करतेय. दुसऱ्यांदा वाचणं ही त्या काळची नित्याची गोष्ट होती, पुस्तकं थोडी आणि संध्याकाळी लांब. पण हे वाचन करमणुकीचं नव्हतं. लिहिणाऱ्या बाईचं होतं. तिची स्वतःची पुढची कादंबरी, ‘मॅन्सफिल्ड पार्क’, तेव्हा लिहून झाली होती आणि पुढच्या मे महिन्यात निघणार होती.

हे पत्र वाचून पोरांबद्दल आपलं मत बनतं: जमीनदाराची मुलं, त्यांना पुस्तकाशी काय कर्तव्य! माझंही बनलं होतं. ‘मॅन्सफिल्ड पार्क’ निघाल्यावर जेनने घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे अभिप्राय एका कागदावर उतरवून ठेवले. त्यात एडवर्ड आणि जॉर्ज दोघांची मतं आहेत. दोघांनाही हे पुस्तक आधीच्याइतकं आवडलं नाही. एडवर्डला नायिका आवडली, जॉर्जला मुळीच नाही. त्याला फक्त मेरी क्रॉफर्ड या दुसऱ्या पात्रात रस वाटला. नायक त्यांना थंड आणि औपचारिक वाटला. आणि हेन्री क्रॉफर्ड नायिकेच्या इतक्या प्रेमात असताना नेमक्या त्या वेळी दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून जातो, हे एडवर्डला अस्वाभाविक वाटलं. त्यांच्या बहिणीचं, फॅनीचंही मत तिथे आहे. तिला शेवट पुरला नाही, नायक-नायिकेत आणखी प्रेम हवं होतं.

अस्वाभाविक. आत्याने ब्रंटनबाईंच्या कादंबरीला लावलेली कसोटी भाच्याने आत्याच्याच कादंबरीला लावली. जाळी विणताना त्याचे कान कुठे होते, हे मी पुराव्याने सांगू शकत नाही. पण ज्या घरात पुस्तकांबद्दल असं बोललं जायचं, त्याच घरात तो वाढला होता. तिसऱ्या फळीवरच्या चामडी पुस्तकांनी हे त्याला शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

दाराबाहेरची मुलगी

मेरियन ही फॅनीची धाकटी बहीण, १८०१ ची. म्हातारपणी तिने जेन आत्याच्या दोन आठवणी सांगितल्या. आत्या लायब्ररीत शेकोटीजवळ गुपचूप शिवत बसायची. बराच वेळ एक शब्द नाही. मग एकदम हसू फुटायचं, उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला धावायची, तिथल्या टेबलावर कागद-लेखणी असायची, काहीतरी लिहायची आणि परत येऊन काही झालंच नाही अशी शिवायला बसायची. पाच टेबलांपैकी एक त्यासाठी होतं म्हणायचं.

दुसरी आठवण अशी. आत्या येताना जी कादंबरी लिहीत असेल तिचं हस्तलिखित घेऊन यायची आणि मोठ्या मुलींना घेऊन वरच्या एका झोपायच्या खोलीत शिरायची. दार बंद. आत ती मोठ्याने वाचायची. अठ्ठावीस खुर्च्यांची लायब्ररी खाली मोकळी आणि खरं वाचन वर, पलंगावर आणि गालिच्यावर बसलेल्या पोरींमध्ये. मेरियन आणि तिच्याहून लहान भावंडांना आत प्रवेश नव्हता. ती बाहेर उभी राहत. दारातून शब्द कळत नसत, हसण्याच्या लाटा मात्र एकामागून एक ऐकू येत, आणि आपल्याला का नाही घेतलं याचं त्यांना फार वाईट वाटे.